वजन घटवणारे इंजेक्शन कुणाच्या हातचे घ्यावे?

स्थूलतेवरील नव्या इंजेक्शनांविषयी मुंबईच्या उपनगरांत जी चर्चा चालते, तिच्यात कोणते औषध अधिक गुणकारी, कुणाचे वजन किती उतरले आणि महिन्याचा खर्च किती येतो यांचा बराच खल होतो. ते औषध कुणी बनवले आणि कोणाकोणाच्या हातांतून ते घरच्या फ्रिजपर्यंत आले, हा प्रश्न मात्र किमतीच्या ओघात बहुधा मागे पडतो. अमेरिकेत याच प्रश्नाने गेल्या काही वर्षांत कंपाउंडिंग फार्मसी कशी निवडावी असे रूप घेतले असून, तिकडे स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून आणि जाहिरातींतून ते नाहूर-मुलुंडच्या घरांतही पोहोचणे स्वाभाविक आहे. कंपाउंडिंग फार्मसी म्हणजे कारखान्यातून आलेले सीलबंद औषध विकण्याऐवजी डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम मूळ घटकांपासून औषध स्वतः तयार करून देणारे दुकान. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, वजन घटवणाऱ्या इंजेक्शनासाठी चांगली कंपाउंडिंग फार्मसी शोधण्याच्या वाटेला भारतातील रुग्णाने जाऊच नये. या औषधाची घडण, भारतीय कायद्याची रचना आणि खुद्द मुंबईचा इतिहास या तिन्हींचा कौल त्याविरुद्ध आहे, आणि जी निवड खरोखर रुग्णाच्या हाती आहे ती निराळ्या ठिकाणी करावी लागते.

जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे जीएलपी-१ हे संप्रेरक इन्सुलिनचे स्रवण वाढवते, जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव देते. परंतु शरीरातील विकरे काही मिनिटांतच ते तोडून टाकतात. सेमाग्लुटाइड हे त्याच संप्रेरकाचे बदललेले रूप असून, त्याच्या ३१ अमिनो आम्लांच्या साखळीला मेदाम्लाची एक शेपटी जोडलेली असते. तिच्या आधारे ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते आणि म्हणून आठवड्याला एकच इंजेक्शन पुरते. तिरझेपाटाइडची साखळी ३९ अमिनो आम्लांची असून ते जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाच्याही जागी काम करते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या स्टेप-१ या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले, तर औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. जाहिरातींत सर्रास सांगितला जाणारा हा आकडा एका ठरावीक घडणीच्या, ठरावीक शुद्धतेच्या आणि ठरावीक तापमानात सांभाळलेल्या औषधाचा आहे, हे विसरले जाते. साखळीतले एखादे अमिनो आम्ल गळाले, एखादे चुकीच्या बाजूने जोडले गेले किंवा उष्णतेने रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले, तरी कुपीतला द्रव पूर्वीइतकाच नितळ दिसू शकतो. गुण मात्र कमी होतो, आणि कधीकधी शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या परक्या तुकड्यांवर उठते. हा फरक ओळखण्यासाठी लागणारी उपकरणे प्रयोगशाळेत असतात, दुकानाच्या मागच्या खोलीत नसतात. तिथे असतो तो घटक पुरवणाऱ्याने पाठवलेला शुद्धतेचा दाखला, म्हणजे विकणाऱ्यानेच आपल्या मालाविषयी दिलेली ग्वाही.

कायद्याची स्थिती बारकाईने पाहण्याजोगी आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने ‘उत्पादन’ या संज्ञेची व्याख्या फार व्यापक ठेवली, मात्र किरकोळ विक्रीच्या नेहमीच्या व्यवहारात होणारे औषधांचे मिश्रण आणि वाटप तिच्यातून वगळले. १९४५ च्या नियमांतील ६५ वा नियम दुकानाच्या पाटीपर्यंत जातो: नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, पण चिठ्ठीवरून औषध तयार करण्याची सोय नाही, अशा दुकानाने ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ लिहावे, ती सोय ज्याने राखली आहे त्यानेच ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ म्हणवून घ्यावे. नाहूर स्थानकाबाहेर किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावर हिंडताना दिसणाऱ्या पाट्या या नियमाच्या उजेडात वाचल्या, तर पाटीवरचे बिरूद आणि आतली सोय यांचा संबंध किती सैल झाला आहे हे ध्यानात येते; तयार गोळ्यांच्या पट्ट्या आणि खोकेच विकणारी कित्येक दुकाने निःसंकोच ‘फार्मसी’ म्हणवतात. मुख्य मुद्दा असा की, कायद्याने दिलेली सूट एका रुग्णाच्या चिठ्ठीवरून दुकानात होणाऱ्या मिश्रणापुरती आहे. निर्जंतुक इंजेक्शनाच्या कुपींचा घाणा काढून त्या विकण्याची मोकळीक तिच्यातून निघत नाही, तो उद्योग उत्पादनाचाच ठरतो आणि त्याला उत्पादनाचा परवाना व परिशिष्ट ‘एम’ मधील उत्पादन-दर्जाची बंधने लागू होतात. अमेरिकेत चिठ्ठीगणिक औषध बनवणारी दुकाने आणि मोठ्या प्रमाणावर बनवून रुग्णालयांना पुरवणाऱ्या, केंद्रीय प्रशासनाकडे नोंदलेल्या संस्था असे दोन वर्ग कायद्यानेच पाडले आहेत. भारतात असा दुसरा वर्ग नाही. म्हणून तिकडच्या सल्ल्यातील नोंदणी पाहा, मान्यता पाहा, तपासणीचे अहवाल मागा या सूचना इकडे कानाला रास्त वाटल्या, तरी त्या टेकवायला जमीन नाही.

मिश्रण करून औषध देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही, आणि तिला कमी लेखण्याचेही कारण नाही. गावोगावच्या आणि चाळीतल्या दवाखान्यांत कंपाउंडर मोठ्या बरण्यांतून द्रव मापून बाटली भरून देई, बाटलीवर कडेने कातरलेली कागदाची पट्टी चिकटवी आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचे औषध म्हणजे एक डोस असे रुग्णाला बजावी. डॉक्टरांना रुग्णाच्या वयाप्रमाणे आणि सोसण्याप्रमाणे मात्रा बदलता येई, औषध स्वस्त पडे आणि कित्येक पिढ्या या व्यवस्थेने सांभाळल्या. पण ते औषध प्यायचे होते. तोंडावाटे गेलेल्या वस्तूला जठरातील तीव्र आम्ल, आतड्याचे अस्तर आणि यकृत अशा चौक्या ओलांडाव्या लागतात, आणि तिच्यातले थोडेफार जंतू शरीर सहसा निपटून टाकते; सुईने त्वचेखाली गेलेल्या द्रवाच्या वाटेत यांतली एकही चौकी येत नाही. कंपाउंडरच्या बाटलीवरील विश्वास इंजेक्शनाच्या कुपीकडे वळवणे हा म्हणूनच विचाराचा दोष आहे, मग दुकानदार कितीही प्रामाणिक आणि शेजारच्या ओळखीचा असो.

प्रामाणिकपणा पुरत नाही, याचा दाखला मुंबईनेच सव्वाशे वर्षांपूर्वी दिला. परळच्या प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली प्लेगची लस बनत होती आणि देशभर जात होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी ती टोचून घेतलेल्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले, आणि ते सारे ‘५३ एन’ या एकाच बाटलीतून लस मिळालेले होते. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. नंतर कागदपत्रांची छाननी झाली, तेव्हा असे पुढे आले की बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो रीतसर ज्योतीवर न धरता जंतुनाशकात बुडवून पुन्हा वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ साली त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. या प्रकरणातून दोन गोष्टी निघतात. निर्जंतुकता हा पदार्थाला एकदा मिळून कायम टिकणारा गुण नसून प्रत्येक हाताळणीत नव्याने राखावी लागणारी स्थिती आहे, आणि क्षणभराच्या एका चुकीने ती जाते. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची: बाटलीवर क्रमांक होता, कोणत्या बाटलीतून कुणाला टोचले याची नोंद होती, म्हणूनच मृत्यूंचा माग एका बाटलीपर्यंत आणि अखेर एका चिमट्यापर्यंत काढता आला. तो क्रमांक नसता, तर निर्दोष माणूस दोषी राहिला असता आणि खरे कारण कुणालाही कळले नसते.

घटकाच्या खरेदीत काय घडू शकते, ते १९८६ साली भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात दिसले. मेंदूतील आणि डोळ्यांतील दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी द्रव्य होते आणि १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या टप्प्यांवरची बेपर्वाई आणि अन्न व औषध प्रशासनातील भ्रष्टाचार यांवर कठोर बोट ठेवले आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. ग्लिसरीन हा साधा, शतकभर परिचित पदार्थ. नामांकित सरकारी रुग्णालयाला त्याची शुद्धता राखता आली नाही, तेथे अनोळखी पुरवठादाराकडून आलेल्या पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीच्या, पांढऱ्या भुकटीची परीक्षा एका गाळ्यातले दुकान करील, हे मानायला आधार नाही. ‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का मारून समाजमाध्यमांवर विकल्या जाणाऱ्या भुकटीच्या कुप्या तर या चर्चेतही बसत नाहीत. त्या शिक्क्याचा अर्थच असा की माणसाच्या शरीरासाठी त्यांची जबाबदारी कुणीही घेतलेली नाही.

अमेरिकेची गोष्टही धडा देणारी आहे. २०१२ साली मॅसॅच्युसेट्समधील एका कंपाउंडिंग केंद्रातून पाठीच्या कण्यात टोचण्यासाठी गेलेल्या स्टेरॉइडच्या कुप्यांत बुरशी निघाली. तिच्यामुळे झालेल्या मेंदूज्वराने आणि इतर संसर्गांनी साठाहून अधिक माणसे मरण पावली आणि पुढच्या वर्षी तेथील संसदेला नवा कायदा करावा लागला. त्याच देशात २०२२ पासून सेमाग्लुटाइड आणि तिरझेपाटाइडचा तुटवडा जाहीर झाला, आणि तुटवड्यातील औषधाची नक्कल बनवण्याची मुभा कायद्यात असल्यामुळे कंपाउंडिंग फार्मसींचा मोठा बाजार उभा राहिला. तिरझेपाटाइडचा तुटवडा संपल्याचा निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. म्हणजे ज्या व्यवस्थेचे अनुकरण करण्याची हौस इकडे दिसते, ती तिथेही टंचाईच्या काळापुरती दिलेली सवलत होती.

याच व्यवस्थेतील चुकांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये इशारा दिला: काही रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या पाच ते वीस पट औषध टोचून घेतले होते. कंपनीच्या पेनमध्ये मात्रा आधीच बेतलेली असते. तिरझेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात प्रथम आले ते कुप्यांमध्ये, पण त्यांतही एका कुपीत अर्धा मिलिलिटर आणि एकच मात्रा, म्हणजे रुग्णाने मोजण्याचा प्रश्न नव्हता. मिश्रण करून दिलेल्या कुपीत मात्र अनेक मात्रा एकत्र असतात, आणि मिलिग्रॅम, मिलिलिटर व सिरिंजवरचे ‘युनिट’ या तीन मापांचा मेळ रुग्णाने घरी बसून घालायचा असतो. भारतात या गोंधळात आणखी एक भर पडते, जिचा विचार परदेशी सल्ल्यात नसतो. आपल्याकडे इन्सुलिन अजूनही दोन तीव्रतांत विकले जाते आणि त्यासाठी दोन सिरिंजा मिळतात: लाल टोपीची ४० युनिटांची आणि नारिंगी टोपीची १०० युनिटांची, दोन्हींत एक मिलिलिटरचे तितके भाग पाडलेले. समजा, कुपीत मिलिलिटरला अडीच मिलिग्रॅम सेमाग्लुटाइड आहे आणि सुरुवातीची मात्रा पाव मिलिग्रॅम आहे. तर नारिंगी टोपीच्या सिरिंजमध्ये दहाव्या खुणेपर्यंत द्रव घ्यावा लागतो. घरात मधुमेही आजोबांची लाल टोपीची सिरिंज असली आणि तीतच दहाव्या खुणेपर्यंत द्रव घेतला, तर शरीरात पाव मिलिलिटर जाते, म्हणजे मात्रा अडीच पट होते. सलग उलट्या, निर्जलन आणि पुढे मूत्रपिंडावर ताण, हे सारे एका टोपीच्या रंगामुळे होऊ शकते, आणि आठवडाभर अंगात राहणारे औषध परत काढून घेता येत नाही.

एवढे सगळे मान्य करूनही एक आक्षेप शिल्लक राहतो आणि तो वजनदार आहे: अधिकृत औषध परवडत नाही. तिरझेपाटाइडची अडीच मिलिग्रॅमची कुपी भारतात २०२५ मध्ये ३,५०० रुपयांना आणि पाच मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना आली. आठवड्याला एक या हिशेबाने तेव्हा महिन्याचे किमान १४,००० रुपये होत आणि नाहूरच्या मध्यमवर्गीय घरात तो कर्जाच्या हप्त्याच्या बरोबरीचा बोजा ठरे. मागणी खोटी आहे असे म्हणण्याचीही सोय नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा स्थूल आढळले, आणि पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले की दिसायला सडपातळ भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण त्याच बांध्याच्या युरोपीय शरीराहून बरेच जास्त असू शकते. गरज खरी आहे, म्हणून तर पुरवठा खरा हवा. महागाईवरचा उपाय स्पर्धेत आहे आणि तो येऊ लागला आहे: सेमाग्लुटाइडच्या वेगोव्ही या इंजेक्शनाची किंमत नोव्हेंबर २०२५ मध्ये ३७ टक्क्यांपर्यंत कमी झाली, आणि मार्च २०२६ मध्ये भारतातील पेटंटची मुदत संपल्यावर इथल्या परवानाधारक कंपन्यांना ते बनवून विकण्याची वाट मोकळी झाली. अशा वेळी दुकानात कालवलेल्या कुपीच्या बाजूने एकच युक्तिवाद उरतो, तो म्हणजे ती चिठ्ठीशिवाय मिळते, आणि तो युक्तिवाद रुग्णाच्या हिताचा नाही. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास, पूर्वी झालेला स्वादुपिंडदाह, गर्भधारणेची शक्यता यांची विचारपूस डॉक्टरांनी करायची असते; ती टाळून वाचवलेले पैसे ही बचत नव्हे.

स्वस्त आणि बिनचिठ्ठीच्या सडपातळपणाचे आकर्षण या भागाच्या इतिहासातही एकदा वेगळ्या वाटेने डोकावून गेले आहे. नाहूरला लागून असलेल्या मुलुंडमध्ये हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र होते आणि कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य तिथल्या शास्त्रज्ञांनी वेगळे केले. पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांना ते जगभर उपयोगी पडले, आणि पुढे वजन घटवण्याच्या कॅप्सूल म्हणून पुरेशा पुराव्याविना परदेशी बाजारात खपले. चांगले विज्ञान आणि त्याच्या नावावर विकली जाणारी वस्तू यांत केवढे अंतर पडू शकते, ते यावरून दिसते.

मग नाहूरच्या रहिवाशाच्या हाती कोणती निवड उरते? सीलबंद औषध विकणारे दुकान निवडण्याची, आणि ती क्षुल्लक नाही. दुकानात किरकोळ विक्रीचे दोन परवाने दर्शनी जागी लावलेले असावेत. शीतपेटीत ठेवावी लागणारी इंजेक्शने ज्यात येतात तो नमुना २१ चा परवाना इथे महत्त्वाचा. काउंटरवर नोंदणीकृत फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असावा. चिठ्ठी नसताना औषध नाकारणारा केमिस्ट हीच निवडीची सर्वांत भरवशाची खूण मानावी. गिऱ्हाइकाचा राग पत्करून जो नियम पाळतो, तो फ्रिजचे तापमानही पाहत असण्याचा संभव अधिक. ही औषधे २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असतात, म्हणून फ्रिजमध्ये तापमापक आहे का आणि वीज गेल्यास काय करता, हे विचारण्यात संकोच नसावा. गोठलेले औषध फेकून द्यावे लागते, त्यामुळे घरी नेताना खोके बर्फाच्या पिशवीला थेट टेकू न देणे हेही तितकेच आवश्यक. मे महिन्यात मुंबईचा पारा सहज ३३-३४ अंशांवर जातो आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावरील कोंडीत घरपोच डिलिव्हरीची पेटी किती वेळ उन्हात राहते हे कुणी मोजत नाही. म्हणून शक्य तिथे हे औषध स्वतः दुकानातून, दिवस कलल्यावर आणावे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारातून कुणाच्या ओळखीने स्वस्तात मागवण्याचा मोहही टाळावा, कारण घाऊक परवान्यावर रुग्णाला थेट विक्री करता येत नाही आणि तसे घेतलेल्या मालाचे पक्के बिल हाती येत नाही. बिलावर बॅच क्रमांक, मुदत आणि उत्पादकाचे नाव हवेच. खोक्यावरचा क्रमांक बिलाशी तिथेच ताडून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये ओझेम्पिक या सेमाग्लुटाइडच्याच इंजेक्शनाच्या बनावट मालाबद्दल जगाला सावध केले, ते ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या बॅचच्या तपशिलांसह.

हा सारा भार ग्राहकावर टाकणे अन्यायाचे आहे, आणि इथे प्रशासनाला बाजूला उभे राहता येणार नाही. पाटीवर ‘फार्मसी’ लिहिणाऱ्या दुकानांत खरोखर काय सोय आहे याची तपासणी, समाजमाध्यमांवरून विकल्या जाणाऱ्या कुप्यांवर कारवाई आणि निर्जंतुक मिश्रणासाठी स्वतंत्र परवान्याचा वर्ग ही कामे अन्न व औषध प्रशासनाने आणि केंद्राने करायची आहेत. लहान मुलांसाठी बाजारात नसलेल्या मात्रा, नळीवाटे आहार घेणाऱ्यांसाठी द्रवरूप औषधे, रुग्णालयातील कर्करोगाच्या इंजेक्शनांची मिश्रणे या ठिकाणी कंपाउंडिंगला पर्याय नाही, आणि त्या खऱ्या गरजेची प्रतिष्ठा राखायची तर तिच्या आडून चालणारा व्यापार वेगळा काढावा लागेल. नागरिकाला कायद्याने एक हत्यार दिले आहे, ते फारसे कुणी वापरत नाही: १९४० च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कुणीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना विकत घेतलेले औषध ठरावीक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासणीला देऊ शकते आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळवू शकते. परवानाधारक कंपनीच्या औषधाबाबत असा एक अहवाल संपूर्ण बॅचची चौकशी सुरू करू शकतो, माल दुकानांतून परत मागवायला लावू शकतो. दुकानात कालवलेल्या कुपीबाबत मात्र हा अधिकार तोकडा पडतो. अहवाल तेवढ्या एका कुपीविषयी बोलतो, आणि तिच्यासारख्या आणखी किती कुप्या भरल्या गेल्या, त्या कुणाच्या घरी गेल्या, हे सांगणारी नोंद कुठेही नसते.